तिसरा लाल दिवस

त्या वर्षी माळशिंगीचे दोन लाल दिवस आधीच होऊन गेले होते. तिसरा झाला तर करार मोडणार आणि गोगलगायी गाव सोडून जाणार, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. अशा वेळी खंडेनवमीच्या सकाळी मी पुण्याहून एक दिवस आधी परतले आणि आमच्या चार एकरांत मला तीनशे ऐंशी मेंढरं दिसली. 

आधी गोगलगायीचं सांगते. ते गुडघ्याएवढं, सहा चाकांचं यंत्र होतं. कंपनीनं त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण सरीतून ते इतकं रमतगमत चालायचं की गावानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं. प्रत्येक रोपाशी थांबायचं, मुळाशी सुई खुपसायची, मातीच्या ओलाव्यात नायट्रेट किती आहे ते दहा सेकंदांत वाचायचं आणि त्या रोपाला लागेल तेवढंच पातळ खत थेंबाथेंबानं द्यायचं. शेजारच्या रोपाचा हिशेब पुन्हा वेगळा. आपण हातानं युरिया फेकतो तेव्हा त्यातलं निम्मंअधिक पिकाच्या तोंडी लागतच नाही. काही पाण्याबरोबर विहिरीत उतरतं, काही हवेत उडून जातं. गोगलगाय ही नासाडी थांबवायची.

पण वाचलेलं खत आणि यंत्राचं भाडं यांचा मेळ दोन-चार एकरवाल्याला कधी बसलाच नसता. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असला तो प्रकार. मेळ बसवला मनोऱ्यानं. त्याचं असं आहे, मातीत जास्तीचं नत्र पडून असलं आणि वरून पाणी झालं की माती गच्च होते. आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो, मग ते श्वासासाठी नायट्रेटच वापरायला लागतात. त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. पृथ्वी तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट जहाल. तो न सोडल्याबद्दल दूरदेशीच्या कंपन्या पैसे द्यायला तयार होत्या. म्हणजे जे झालंच नाही ते आम्ही विकत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की मीही आयुष्यात पुष्कळ चोऱ्या केल्या नाहीत, त्याचं काही मिळतं का विचारून बघ.

हा वायू वावरावावराचा वेगळा पकडता येत नाही, कारण वारा काही बांध ओळखत नाही. म्हणून गावाच्या मधोमध चाळीस मीटरचा मनोरा उभा केला होता. त्याच्या माथ्यावर लेझरचं डोकं. सगळ्या शिवाराचा मिळून रोज एक आकडा यायचा. पस्तिसाच्या वर गेला की तो दिवस लाल, आणि वर्षात तीन लाल दिवस झाले की करार रद्द. त्यामुळे सगळं गाव एका होडीत होतं आणि प्रत्येक जण शेजारी भोक पाडतोय का ते बघत होता. पहिला लाल दिवस एकानं आषाढात मक्याला गुपचूप युरिया फेकल्यानं झाला. दुसरा, उसातली पाइप फुटून शेणखताचा ढीग भिजल्यानं. बाहेरचं कुठलंही खत शिवारात आणायचं नाही, असं कलमच होतं.

मी त्या मनोऱ्याची राखणदार. रोज संध्याकाळी सहाला आकडा वाचून खाली सही करायची, एवढंच काम. पण त्या सहीवर चारशे हेक्टरांचा नफा उभा होता. नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या बाईला गाव कसं बघतं, ते काही सांगायला नको. माझ्याकडेही वर्षभर तसंच बघितलं. मग ही नोकरी लागली आणि तेच लोक ‘कोमलताई’ म्हणायला लागले. सही गेली असती तर ताईही गेली असती. हे मी क्षणभरही विसरत नव्हते.

दर वर्षी नवरात्राच्या अखेरीस लेझरचं डोकं उतरवून पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासणीला न्यावं लागे. पुण्याचे चार दिवस आणि परत वर बसवेपर्यंतचे दोन-तीन, तेवढे दिवस मनोरा आंधळा. करारात त्याची मुभा होती. यंदा तिथलं काम लवकर उरकलं म्हणून मी लवकर आले, आणि अण्णांची चोरी उघडी पडली.

धुळामामा, म्हणजे धुळाजी कोकरे. माण तालुक्यातले मेंढपाळ. दसऱ्याच्या सुमाराला त्यांचा वाडा, म्हणजे घोडी, कोंबड्या, कुत्री, बायकापोरं आणि मेंढरं असा सगळा संसार, आमच्या शिवारात यायचा. बाजरी निघालेल्या रानात वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि त्यात रात्रभर मेंढरं बसवायची. त्यांच्या लेंड्या आणि मूत हे रानाचं खत. रोज वाघर पुढं सरकायची, एका रात्रीत एक एकर. बदल्यात मामांना ज्वारी आणि वाड्याला एक वेळचं जेवण. मामांच्या आधी त्यांचे वडील यायचे. मनोरा झाल्यावर हे बंद झालं असं मी धरून चालले होते. अण्णा मात्र मी पुण्याला गेले की फोन करून त्यांना बोलवत होते. तीन वर्षं. मी परत यायच्या आत रान नांगरून साळसूद चेहऱ्यानं मला विचारत होते की पुण्यात ऊन कसं होतं.

मी बांधावर पोचले तेव्हा मामांची बायको बाणाई तीन दगडांच्या चुलीवर चहा करत होती आणि अण्णा फडक्यानं बशी पुसत बसले होते. मला बघून त्यांचा हात थांबला. तीन एकर बसवून झाले होते. दोन नांगरूनही झाले होते, तिसऱ्यात बैलं चालली होती. एकच राहिला होता.

मी आधी अण्णांवर तोंड सोडलं. गावाच्या पोटावर पाय देता का, माझी सही माहीत असून असं करता का, जे मनात आलं ते. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले की आजवर कधी पाय घसरला का सांग. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मामांचा जुना दंडक होता, मेंढरं उठली की नांगर, आणि मग वीस दिवस पाणी नाही. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा खेळती राहते, मग वायू फारसा सुटत नाही. मामांना नायट्रस ऑक्साइड माहीत नव्हता, पण ओल्या रानातलं खत ‘उडून जातं’ हे माहीत होतं. तीन वर्षं तो दंडक पाळला गेला आणि मनोऱ्याला वासही आला नाही.

यंदा मात्र बुधवारी पाऊस सांगितला होता. परतीचा, जोराचा. आणि बुधवारी संध्याकाळी सहापासून मनोऱ्याचा आकडा पुन्हा धरला जाणार होता.

मी हे सांगितल्यावर अण्णांनी पहिल्यांदा आभाळाकडे बघितलं. मी मामांना म्हणाले, आजच्या आज वाडा हलवा. चौथा एकर बसवू नका.

“शिवेत आलेला वाडा परतवायचा नसतो, कोमल,” अण्णा म्हणाले. “आपल्या घरात कुणी परतवला नाही.”

“आण्णा, ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले. “पोरीच्या सहीवर गाव हाय. तिला कशाला पेचात टाकायचं?” मग माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, “जातू आमी. पर जाऊ कुटं, तेवडं सांग.”

 मामांनी बोटं मोजत खालच्या सहा गावांची नावं घेतली. सगळीकडे मनोरे झाले होते किंवा होणार होते. तरी कुणी ना कुणी ओळखीचा एखादी रात्र बसवून घेत होता. “तुमी घेतल्यालं असतं तर त्येंनी घेतलं असतं. माळशिंगीनं हाकललं म्हटल्यावर आता दारात कोन उबं करतंय?”

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. चार वाजता घोड्यांवर बिऱ्हाड चढलं. लहान कोकरं झोळीत घातली. बाणाईनं उरलेला चहा ओतून दिला, चूल विझवली आणि दगड होते तिथं लावून ठेवले. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी मेंढीचं दूध प्यायले होते. मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून मी त्यांना जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गावानं सगळ्या गोगलगायी धुऊन ओळीनं उभ्या केल्या, झेंडूच्या माळा घातल्या. हत्यारांची पूजाच ती, मग सुयांना कुंकू लागणारच. दर वर्षी ते कुंकू सुईच्या भोकात जाऊन बसायचं आणि पुढचा आठवडाभर यंत्रं चुकीचं वाचायची. दर वर्षी मी ओरडायची आणि दर वर्षी कुणीतरी म्हणायचं की ताई, एक बोटच लावलंय. त्या दिवशी मी ओरडले नाही, आणि त्यावरूनच जालिंदरकाकांनी ओळखलं.

जालिंदरकाका भोईटे, करार केलेल्या शेतकरी गटाचे अध्यक्ष, आमचे चुलतभाऊबंद आणि बांधाला बांध लागून शेजारी. तसंही ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. डांबरी रस्त्यावर गावाच्या वेशीपासून आमच्या रानापर्यंत लेंड्यांची रांग पडली होती. काकांनी मला सोसायटीच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं. मला वाटलं आता खरडपट्टी. पण ते अगदी समजूतदारपणे बोलले. म्हणाले, झालं ते झालं, संपतरावाला, म्हणजे अण्णांना, मी काही बोलणार नाही. फक्त डोकं अजून पुण्यालाच आहे असं समज. तपासणी लांबली म्हणून लिही. आठवडाभर मनोरा बंद राहिला की पाऊस पडून, रान वाळून सगळं निवळेल. कोण विचारतंय?

 ते म्हणाले, सगळं गाव तुझ्या पाठीशी आहे. आणि ते खरंच होतं. दारातून बाहेर पडले तर पाच-सहा जण उभे होते, आणि सगळे माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते की तसं माझ्या लग्नातही कुणी बघितलं नव्हतं. मी ‘बघते’ म्हणाले. मनातून जवळजवळ कबूल झालेच होते. एक खोटी ओळ लिहायची होती, तीही सगळ्यांच्या भल्यासाठी.

घरी येऊन मी पाच वर्षांचे खताचे नकाशे उघडले. अण्णांचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं. मेंढ्यांमुळे रानात कसं नको तिथं नत्र साचतं ते त्यांना रंगात दाखवायचं होतं. गोगलगाय दिलेल्या प्रत्येक थेंबाची नोंद ठेवते, त्यामुळे एकेका वावरानं दर हंगामात किती खत मागितलं ते कळतं. ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं. माझं काम मनोऱ्याचं. नकाशे कंपनी बघते, असं मी समजत होते. कंपनी गावाची सरासरी बघत होती.

जालिंदरकाकांचं रान पहिल्या वर्षी एकरी साठ किलो नत्र मागत होतं, आता त्र्याहत्तर. त्यांच्या पलीकडच्याचं अठ्ठावन्नवरून सत्तरवर गेलं होतं. गावातलं एकेक वावर उघडलं, सगळ्यांची रेघ हळूहळू वर चढत होती. फक्त आमची खाली येत होती. एकसष्टवरून एकोणपन्नास. तीच काळी माती, तीच विहीर, तोच कांदा. फरक होता तो मी पुण्याला असतानाच्या रात्रींचा.

मी पुन्हा पुन्हा मोजून बघितलं. मग खुर्चीत मागे टेकून बसले. कारण समजायला अवघड नव्हतं. गोगलगाय पिकाला जेवू घालते, मातीला नाही. मातीतल्या जिवाणूंना लागतो काडीकचरा, शेण, कुजलेला पाला, म्हणजे कार्बन. तो मिळेनासा झाला की ते मातीत आधीच असलेलं खाऊन संपवतात. मग मातीची स्वतःची नत्र धरून ठेवायची आणि जपून सोडायची ताकद जाते, आणि यंत्राला दर वर्षी थोडं जास्त ओतावं लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सुई अचूक होती, थेंब अचूक होता आणि गाव अचूकपणे कंगाल होत होतं. रेघा अशाच चढत राहिल्या तर चार वर्षांत सगळी बचत संपणार होती. आणि ज्यांच्यामुळे एक रान वाचलं होतं त्यांना मी काल हाकलून दिलं होतं.

अण्णांना मी बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “खाली जाणारी रेघ चांगली, असंच ना?” मी हो म्हटलं. ते बाहेर जाऊन बैलांना पाणी पाजू लागले. मला म्हणाले असते की बघ, तर मी रडले तरी असते.

मंगळवारी मी तेच जालिंदरकाकांना दाखवलं. माणूस हुशार. मी दोन वाक्यं बोलेपर्यंत त्यांना सगळं उमगलं होतं. त्यांनी स्वतःच्या रेघेवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून विचार केला.

“हे खरं असेल,” ते म्हणाले. “पण हे चार वर्षांनी. बुधवारी काय करायचं?”

मी म्हणाले की मेंढ्यांनी खताची मागणी घटते, एवढं नकाशावरून दिसतंय. पण पावसात वायू किती सुटतो आणि पुढं हंगामभर किती कमी होतो, हे मोजल्याशिवाय कंपनी ऐकणार नाही. मोजायचं तर बुधवारपासूनच मोजायला हवं. मनोरा बंद ठेवला तर नेमके तेच दिवस कोरे राहतील आणि आपल्याकडे फक्त एका म्हाताऱ्याची चोरी उरेल.

“आणि मोजून उलटंच निघालं तर?”

“तर उलटं निघेल.”

ते उठले. दारात थांबून म्हणाले की तुझं शिक्षण मोठं आहे, पण माझ्या घरी दोन पोरी लग्नाच्या आहेत, आणि गावात माझ्यासारखी शंभर घरं आहेत. ही धमकी नव्हती. ते खरं बोलत होते, म्हणूनच ते जास्त लागलं.

बुधवारी दुपारी तीनला मी डोकं पाठीवर बांधून मनोरा चढले. पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं. वर पोचून तीन बोल्ट घट्ट करेपर्यंत खाली पंधरा-वीस माणसं जमली. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. सगळे वर बघत होते. काकांनी एकदाच आवाज दिला, “कोमल, उतर खाली.” चौथा बोल्ट काही केल्या बसेना. तेवढ्यात मला वाटलं, बसला नाही तर किती बरं. डोकं बिघडलं म्हणून खरंखुरं लिहिता येईल. मग तो बसला.

मी खाली येऊन मनोऱ्याच्या पायथ्याच्या खोपटात बसले आणि पडदा सुरू केला. एकोणीस. गर्दी दाराशी आली. पावसाचे पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजले आणि दहा मिनिटांत समोरचं चिंचेचं झाड दिसेना. बावीस. सव्वीस. पाण्यानं मातीतली हवा बाहेर ढकलली जात होती आणि तीन एकरांतले कोट्यवधी जिवाणू गुदमरून नायट्रेटला लागत होते. मी ते शिकले होते, गावाला शिकवलंही होतं. पण त्या दिवशी ते माझ्या छातीत चाललंय असं वाटत होतं. एकतीस. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. चौतीसवर आकडा इतका वेळ थांबला की मागून एक बाई हसलीसुद्धा. सहाला पाच मिनिटं कमी असताना छत्तीस झाले. सहाला एकेचाळीस.

काका माझ्या खांद्यामागे उभे होते. म्हणाले, अजून सही झालेली नाही.

मी सही केली. खाली ‘कारण’ असा रकाना असतो, तो नेहमी कोरा जातो. त्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘तीन एकरांत मेंढ्या बसवल्या, संख्या ३८०, त्यावर पाऊस.’ मला वाटलं, निदान कागदावर तरी मामांना त्यांची जागा मिळावी.

आठ दिवसांत ट्रक येऊन गोगलगायी घेऊन गेले. माळा अजून गळ्यातच होत्या, सुकलेल्या. माझी नोकरी गेली. दुधाला जाताना बायका बोलायच्या थांबायच्या. दिवाळीला फराळाचं ताट आमच्याकडे एकाही घरातून आलं नाही. अण्णा पारावर जायचे बंद झाले. मला त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट वाटायचं, आणि ते मलाच चहा करून द्यायचे.

मनोरा उतरवायला खर्च फार म्हणून तो उभाच राहिला. मी बिनपगारी रोज वाचत होते. एकेका रानाचा वायू वेगळा पकडायला मी घरातले पत्र्याचे डबे मातीवर पालथे घातले. आमच्या बसवलेल्या तीन एकरांत, न बसवलेल्या चौथ्यात, आणि बांधाच्या पलीकडे काकांच्या कडेला. डब्यात साठलेली हवा दर दोन दिवसांनी सुईनं ओढून मनोऱ्याच्या यंत्राला पाजायची. गाव म्हणायचं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. काकांनी त्यांच्या कडेचे डबे कधी उचलून फेकले नाहीत, एवढं मात्र मला दिसत होतं.

माघात बेरीज केली. पहिले तीन-चार दिवस मेंढ्यांच्या रानातला वायू भयंकर जास्त. त्यानंतर चार महिने सतत कमी, कारण तिथं वरचं खत कमी लागलं. पूर्ण हंगामाचा मिळून चौथ्या एकरापेक्षा पाचव्या हिश्श्यानं कमी. मी कागद कंपनीला आणि विद्यापीठाला पाठवले आणि कांदा काढायला लागले.

पाडव्यानंतर एका सकाळी जालिंदरकाका आमच्या अंगणात आले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. हातात कंपनीचं पत्र होतं. रोजच्या लाल दिवसांची अट रद्द, यापुढं हंगामाची बेरीज धरणार. यंत्रं परत देणार. आणि नवं कलम होतं, प्रत्येक वावरात तीन वर्षांतून एकदा मेंढरं बसवणं बंधनकारक, कारण त्याशिवाय अचूक खत फार काळ फायद्याचं राहत नाही. खाली तेवीस गावांची यादी होती. कळपांची सोय माळशिंगीच्या राखणदारानं करावी. काकांनी ते पत्र मला सगळं वाचून दाखवलं, मी वाचू शकत नसल्यासारखं.  मग म्हणाले, “मामांचा नंबर आहे ना? पहिलं माझं रान धर.”

मी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. मला इतका आनंद झाला होता की काय बोलायचं ते ठरवलंही नव्हतं. बाणाईनं उचलला आणि न बोलता मामांकडे दिला. मी भडाभडा सगळं सांगितलं. तेवीस गावं, मामा. बंधनकारक. आता कुणी परतवणार नाही.

ते ऐकत होते. मग म्हणाले, “मेंढरं इकली, पोरी. मार्गशीर्षात.”

मी विचारलं, का. विचारायला नको होतं.

“तू कागदावर लिवलंस न्हवं, मेंढरांनी लाल झालं म्हनून. त्यो कागद आमच्या म्होरं गेला. समद्या मनोऱ्यावर गेला. ज्या गावाला जावं तितं शिवेवर मानसं उबी. महिनाभर इकत वैरन घातली, मंग संपलं. खोटं न्हाय लिवलंस तू. खरंच व्हतं. तुला बोल न्हाय लावत.”

 काका समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि बोटांनी खुणा करून विचारत होते, कधी येतात, किती एकर.

“सोळा ठिवल्यात,” मामा म्हणाले. “बानाईचा जीव हुता त्येंच्यावर. सोळा किती बसतील, तुज्या यंत्राला इचार.”

यंत्राला विचारायची गरज नव्हती. तीनशे ऐंशीला एका रात्रीत एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे.

“या मामा,” मी म्हणाले. “सोळा घेऊन या.”

फोन ठेवल्यावर काकांनी यादीचा कागद माझ्यापुढं धरला आणि पेन काढून विचारलं, एका रात्रीत किती रान होईल म्हणून लिहू?

मी म्हणाले, दीड गुंठा.